दार लागलेलं होतं

लुइझियानातल्या बॅटन रूज शहराजवळ १७ ऑक्टोबर १९९२ च्या संध्याकाळी योशिहिरो हत्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला. अंगात पांढरा सूट, सोबत यजमान कुटुंबातला मुलगा. पत्ता चुकला आणि त्यांनी भलत्याच घराची बेल वाजवली. घरातली बाई बाजूच्या दारातून डोकावली, घाबरली, दार लावून घेतलं आणि नवऱ्याला बंदूक आणायला सांगितली. तो .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन आला. त्यानं दार पुन्हा उघडलं, थांबायला सांगितलं. योशिहिरो पुढे येत राहिला. एका गोळीत तो गेला.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक शेवटच्या दोन-चार सेकंदांभोवती फिरते. मुलाला इंग्रजी कितपत समजलं, तो किती वेगानं येत होता, अंधार किती होता. मला ते सेकंद फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. त्या सेकंदांत माणूस विचार करतच नाही, हात करतो. विचाराला जागा होती ती त्याआधी. दार लागलेलं होतं. पोलिसांना फोन करता आला असता. नेमकं काय दिसलं, एवढं बायकोला विचारता आलं असतं. बंदूक घरात नसती तर नवऱ्यानं बहुधा हेच केलं असतं. ती होती म्हणून बाकीच्या वाटा त्याला सुचल्याच नाहीत. ती बाळगणाऱ्याची जबाबदारी म्हणूनच चापावर बोट जाण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते.

आपला कायदा इथे मला बराच शहाणा वाटतो. १८६० च्या दंडसंहितेनं स्वसंरक्षणाचा हक्क सढळ हातानं दिला. रात्रीच्या घरफोडीत तर प्रसंगी जीव घेण्यापर्यंत. मात्र पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावाला लागते त्याहून अधिक इजा करता येत नाही, अशा अटी घातल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ मध्ये त्या आजही आहेत. आता रानातल्या एकट्या घरात, जिथून पोलीस ठाणं तासाभरावर आहे, तिथल्या बाईला ही अट ऐकवणं म्हणजे थट्टाच. तिनं गोळी झाडली तर मी तरी तिला दोष देणार नाही. तिच्यापुढे वाटा नव्हत्या. त्या गृहस्थापुढे होत्या.

१९९३ मध्ये फौजदारी खटल्यात ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी दिवाणी न्यायालयानं मात्र त्या हत्येला समर्थन नाही असं म्हणत साडेसहा लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. कायद्याच्या दृष्टीनं यात विसंगती नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत एवढा पुरावा लागत नाही. शिवाय खरीखुरी भीती वाटली असेल तर त्या माणसाला तुरुंगात धाडायला बारा नागरिक कचरणारच. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरीही बंदूक असेल. पण ‘मला भीती वाटली’ हे उत्तर शिक्षेपुरतं चालतं. मेलेल्या मुलाच्या आईबापांनी विचारलं, की ते लागलेलं दार उघडलं कशाला, तर तिथे ते अपुरं पडतं.