पडद्याचे उरलेले आयुष्य

प्रोसेसर, साठवण आणि पडदा एकाच चौकटीत बसवलेल्या संगणकाला ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. टेबलावरची जागा वाचवणारी ही बांधणी पुढे अडचणीची ठरते, कारण चौकटीतील भागांचे आयुष्य सारखे नसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागत असल्याने त्याआधीची कितीतरी यंत्रे एकदम कालबाह्य झाली. त्यांचे पडदे मात्र पूर्वीइतकेच स्वच्छ दिसत राहिले. छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत एकीकडे सुट्या भागाचे ड्रॉइंग आणि दुसरीकडे ऑर्डर पाहत काम करणाऱ्याला दुसरा पडदा हवाच असतो, म्हणून असे यंत्र भंगारात जाणे हा निव्वळ अपव्यय होय.

हा अपव्यय तंत्राने अटळ केलेला नाही. अ‍ॅपलने २००९ च्या अखेरच्या २७ इंची आयमॅकमध्ये ‘टार्गेट डिस्प्ले मोड’ दिला, म्हणजे बाहेरच्या संगणकाचे चित्र मिनी डिस्प्लेपोर्टमधून आयमॅकच्या पडद्यावर घेण्याची सोय. २०११ पासून ती थंडरबोल्टवर गेली. २०१४ च्या अखेरीस ५१२० × २८८० बिंदूंचा पडदा आला, त्या काळच्या डिस्प्लेपोर्टच्या एका तारेतून इतके चित्र वाहून नेणे शक्य नव्हते, आणि ही सोय संपली. शिवाय तिच्यासाठी आयमॅक स्वतः चालू असावा लागे, त्यामुळे मदरबोर्ड निकामी झाला की निर्दोष पडदाही अडकून पडे.

बहुतेक ऑल-इन-वन यंत्रांवरचा एचडीएमआय पोर्ट केवळ चित्र बाहेर पाठवतो. तेथे तार जोडून काही साधत नाही. यंत्र चालू असेल तर मिराकास्टने बिनतारी चित्र घेता येते, पण त्यात होणारा विलंब बारीक कामात जाणवतो. खरा उपाय पडद्यामागे आहे: पॅनेलवरचा मॉडेल क्रमांक पाहून त्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे एचडीएमआयचे संकेत पॅनेलला समजणाऱ्या एलव्हीडीएस किंवा ईडीपी संकेतांत बदलणारी पट्टी, बसवली आणि पॅनेलमागच्या दिव्यांना योग्य वीजपुरवठा दिला, की तोच पडदा स्वतंत्र मॉनिटर होतो. पॉवर सप्लायमधील कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून असतात, तेव्हा हे काम जाणत्या कारागिरानेच करावे. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच जेथे बनले, त्या छत्रपती संभाजीनगर परिसराला पडदा उघडून पाहण्याचे कौशल्य परके नाही.

कायदा मात्र येथे संकुचित आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुन्या वस्तूच्या नूतनीकरणाला मान्यता आहे व त्यामुळे उत्पादकाचे पुनर्चक्रणाचे दायित्व पुढे ढकलले जाते. परंतु नूतनीकरणाची व्याख्या वस्तूच्या मूळ वापरापुरतीच आहे. संगणकाचा मॉनिटर करणे हा मूळ वापर नव्हे, आणि वस्तू वाचवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग व्याख्येबाहेर राहतो. तिच्यात बदललेल्या वापराचाही समावेश व्हावा, आणि प्रत्येक ऑल-इन-वनला चित्र आत घेणारा, मदरबोर्डवर अवलंबून नसलेला एक पोर्ट असावा. निदान पॅनेलचा क्रमांक व जोडणीचा नकाशा उत्पादकाने उघड करावा, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला अंदाजाने बोर्ड मागवावा लागणार नाही.