रक्तदानाच्या नावाखाली तपासणी?

गणपती मंडळाच्या रक्तदान शिबिरात नाव दिलंस म्हणे. का, तर तिथं फुकटात एचआयव्हीची तपासणी होते आणि कुणाला संशयही येत नाही! अरे, अक्कल गहाण टाकलीस का? संबंध येऊन तीन आठवडे झालेत. लागण झालीच असेल, तर इतक्या लवकर ती चाचणीत दिसेलच असं नाही. मग तुझी पिशवी 'ठीक' म्हणून पुढं जाईल आणि थॅलेसेमियाच्या एखाद्या पोराला चढेल. स्वतःच्या जिवासाठी रात्ररात्र जागतोस, त्या पोराचा विचार शिवला तरी का मनाला?

रोज आरशासमोर जिभेवर बॅटरी मारतोस, मानेतल्या गाठी चाचपतोस. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. ताप, पुरळ, घसा हे साध्या व्हायरलमध्येही होतं, आणि लागण झालेल्यांना कित्येकदा वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. निरोध वापरला नाहीस, ती चूक झालीच. पण मला राग आहे तो पुढच्या तीन दिवसांचा. ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठला असतास, तर २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळायची संधी होती. तू मित्रांना विचारत बसलास.

आता सिव्हिल हॉस्पिटलला जा आणि आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र, कुठं ते विचार. गरोदर बायकाही तिथं चाचणीला येतात, त्यामुळं तोंड लपवायचं कारण नाही. समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो, मग रक्त. पैसे लागत नाहीत. निकाल गुप्त ठेवणं २०१७च्या कायद्यानं बंधनकारक आहे. निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपास. तेव्हाही निगेटिव्ह आला, तर विषय संपला, दर आठवड्याला नवी लॅब शोधायची नाही.

पॉझिटिव्ह आला तर एआरटी, म्हणजे विषाणू दाबणाऱ्या गोळ्या, लगेच सुरू होते, सरकारी केंद्रात मोफत. पूर्वी सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी घसरायची वाट पाहायचे, आता पाहत नाहीत. उपचार नसले तर साधारण आठ-दहा वर्षांत एड्सपर्यंत गाडी जाते. गोळ्या नियमित घेतल्या तर विषाणू इतका दबतो की चाचणीत सापडत नाही आणि संबंधांतून जोडीदाराला लागतही नाही. तोवर मात्र निरोधाशिवाय कुणाजवळ जायचं नाही.

आणि शिबिरातलं नाव आत्ता, माझ्यासमोर काढ. कारण सांगायची गरज नाही. 'यंदा जमत नाही' एवढंच म्हण. लाव फोन.