कारभाऱ्याला हिशेब कोण विचारणार?

संत लूकच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायात प्रभू येशूने एका अप्रामाणिक कारभाऱ्याचा दाखला सांगितला आहे. त्यावर प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा त्या कारभाऱ्याच्या चातुर्याशीच झुंजत बसतो. धन्याने अशा माणसाची वाखाणणी का केली, हे कोडे उलगडण्यातच वेळ सरतो आणि दाखल्याचा आरंभ मागे राहून जातो. आरंभी घडते ते अगदी साधे आहे. धन्याच्या कानावर काही तक्रारी येतात, तो कारभाऱ्याला बोलावून घेतो आणि हिशेब मागतो. पुढचे सारे या एका मागणीमुळे घडते. धनी गप्प राहिला असता तर कारभारी सुखाने म्हातारा झाला असता आणि मालमत्ता उधळली गेली असती. मग दोष एकट्या कारभाऱ्याचा म्हणता आला असता काय?

आपल्या शहराच्या कारभारात धनी कोण, हे शाळेतले मूलही सांगेल. नगरसेवक, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी हे कारभारी. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणारे आपण धनी. तरीही पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणासाठी ज्या प्रश्नावल्या आपल्या प्रार्थनापुस्तकांतून छापल्या जातात, त्यांत ‘मी माझ्या प्रभागाच्या कारभाराची कधी विचारपूस केली काय?’ असा प्रश्न माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द आणि कृती यांबरोबर कर्तव्यातील कसुरीचीही कबुली देतो. ही चौथी कबुली आपण आईवडील, मुलेबाळे आणि फार तर शेजारी यांच्यापुरती समजतो. गटारापर्यंत ती पोहोचत नाही.

याला कायद्याच्या रचनेचाही हातभार लागला आहे. १९९२ साली संसदेने संमत केलेल्या आणि १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गावातील प्रत्येक मतदार हा तिचा सभासद. सरपंचाला समोर बसवून खर्चाविषयी विचारण्याची ती हक्काची जागा आहे. शहरांसाठी झालेल्या ७४ व्या दुरुस्तीत मात्र ग्रामसभेच्या तोलाची सभा नाही. प्रभाग समित्यांची सक्ती आहे, पण ती तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांना. म्हणजे वीस-पंचवीस हजार वस्तीचे गाव नगरपरिषद झाले की रहिवाशाच्या हातची ग्रामसभा जाते आणि तिच्या जागी त्याला घटनेने दिलेले काहीच येत नाही. लहान शहराचा नागरिक असा दोन्हीकडून वंचित राहतो.

आपल्या वसईचेच पाहावे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. अनेक गावांनी कडवा विरोध केला, २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने २०११ साली घेतला आणि वाद न्यायालयात गेला. त्या विरोधात भावनेचा आणि राजकारणाचा भाग होता हे खरे. परंतु ‘आमची ग्रामसभा जाईल’ हे म्हणणे भावनेचे नव्हते. पुढे २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षे निवडणूकच न होता कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील अन्य शहरांचीही हीच गत झाली. घरपट्टीची बिले मात्र दरवर्षी येत राहिली.

पण सारा दोष रचनेवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. नगरसेवक असताना आपण त्याच्याकडे कशासाठी जात होतो? नळजोडणी लवकर मिळावी, दाखल्यावर सही व्हावी, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकावा. यात अन्न-पाण्याची निकड असलेला गरीब असेल तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु सुखवस्तू घरेही त्याच दारात उभी असतात, आणि नैतिक प्रश्न येथेच सुरू होतो. जे माझ्या हक्काचे आहे ते मी उपकार म्हणून घेतले की त्याच क्षणी मी धनीपण सोडून आश्रित झालो. आश्रिताला हिशेब विचारता येत नाही. त्याची जीभच उचलत नाही. पुढे आळीतले बावखल एके रात्री भरावाने बुजते, शंभर घरांना ते ठाऊक असते आणि त्यांतल्या एकाही घरातून अर्ज जात नाही, त्याचे कारण भीतीपेक्षा हे मिंधेपणच अधिक असते. २०१८ च्या जुलैत वसई कित्येक दिवस पाण्यात होती. पाणी कुठे मुरायचे आणि कुठून वाहून जायचे, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होते. त्या वाटा बुजताना आपण पाहत होतो.

आपल्या समाजाला विचारता येत नाही असे मुळीच नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभारले, त्याने वसईच्या शेतकऱ्याला आणि गृहिणीला रस्त्यावर आणले. त्या धैर्याचे मोल मी जाणतो. तथापि मोर्चा हा सणासारखा असतो. हिशेब हे रोजचे जेवण आहे. मोर्चाला हजारो जमतात, परंतु अंदाजपत्रकाच्या सभेला प्रेक्षकांच्या बाकांवर दहा माणसे बसलेली कोणी पाहिली आहेत काय?

‘हे राजकारण आहे, भाविकाने त्यापासून दूर राहावे’ असा आक्षेप सालस माणसेच घेतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात सार्वजनिक जीवनातील सहभाग हे नागरिकाचे कर्तव्यच मानले आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली मांडलेले तत्त्वही सर्वश्रुत आहे: लहान समूहाला जे करता येते ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. आपण या तत्त्वाचा वापर शासनाला दटावण्यासाठी करतो. त्याची दुसरी बाजू आपल्याला उद्देशून आहे. लहान समूहाने आपला वाटा उचलला नाही, तर सत्ता कोणी हिसकावून न घेताही वर सरकत जाते. आम्हा धर्मगुरूंना सत्तेची पदे स्वीकारण्यास आणि पक्षकार्यात भाग घेण्यास धर्मसंहितेने मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच हे काम प्रापंचिकांचे आहे. वेदीवरून कोणत्या पक्षाला मत द्यावे हे ऐकण्याची अपेक्षा कोणी धरू नये.

याच धर्मसंहितेचे १२८७ वे कलम मात्र आम्हालाही गाठते. भाविकांनी ख्रिस्तसभेला दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे ते सांगते. ज्या धर्मग्रामात फेस्ताच्या वर्गणीचा जमाखर्च फलकावर लागत नाही, तेथील माणसे नगरपालिकेत जाऊन काय विचारणार? हिशेब मागण्याची सवय घरातून लागते. संत पौलने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला निधी एकट्याने नेला नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली. प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही ते अध्यक्षांना आणि फादरांना का वाटावे?

आणखी एका प्रवृत्तीविषयी लिहिलेच पाहिजे. ‘सगळे चोर आहेत’ हे वाक्य मिस्सानंतर चर्चच्या आवारात सर्रास ऐकू येते. ऐकायला ते निर्भीड वाटते. वस्तुतः ते आळसाचे पांघरूण आहे. सगळेच चोर म्हटले की एकालाही काही विचारण्याची जबाबदारी उरत नाही, आणि जो थोडा प्रामाणिक कारभारी असेल त्याचाही धीर खचतो. शिवाय पुराव्यावाचून कोणाला चोर म्हणणे आठव्या आज्ञेचा भंग आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने या पापातून सुटण्याचा मार्ग दहा रुपयांत उपलब्ध केला आहे. आपल्या रस्त्याच्या कंत्राटाची रक्कम, काम संपण्याची तारीख, मोजमाप-पुस्तिकेची प्रत एका कागदावर मागावी. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर समाधानकारक आले तर तसे शेजाऱ्यांना आवर्जून सांगावे. कारभाऱ्याचे निर्दोषत्व सिद्ध होणे हेही हिशेबाचेच फळ आहे. वृद्ध शमुवेल निवृत्त होताना लोकांसमोर उभा राहिला आणि मी कोणाचा बैल घेतला, कोणाकडून लाच घेतली ते सांगा, असे त्याने स्वतःच विचारले. लोकांनी एकमुखाने त्याला निष्कलंक ठरवले. असा निरोप मिळवण्याची संधी आपण आपल्या किती नगरसेवकांना दिली?

शहरवासीयाला ग्रामसभा नाही असे मी वर म्हटले, त्याला एक पुरवणी जोडतो. महाराष्ट्राने २००९ साली महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांची ही सभा. ग्रामसभेचे अधिकार तिला नाहीत, परंतु परिसरातील कामे सुचवण्याचे आणि त्यांचा अग्रक्रम ठरवण्याचे काम तिचे आहे. ही तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली आहे. ती भरवावी असा अर्ज करायला आपल्या प्रत्येक धर्मग्रामात पुरेसे निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि महिला मंडळाच्या कार्यकर्त्या आहेत, आणि बसायला शाळेचे सभागृहही आहे.