अंगठ्याची सनद

गिटार हाती घेऊन वर्षही न लोटलेला विद्यार्थी हल्ली गुरूपाशी प्रथम पृच्छा करतो ती स्वतःच्या शैलीविषयी. आणि ज्या काळात बोटांच्या अग्रांना अद्याप घट्टे पडलेले नसतात, एफचा बार धरताना सहांपैकी दोन तारा मुक्या राहतात, त्या काळातच आपले वादन दुसऱ्या कोणासारखे वाटू नये या चिंतेने तो व्याकुळ झालेला असतो. शैली ही व्यक्तीच्या अंतरंगात जन्मतःच पुरलेली ठेव असून अनुकरणाचा संसर्ग टाळला म्हणजे ती अखंड हाती लागते, असे या चिंतेमागचे गृहीत आहे. ते तपासून पाहायचे तर वेस माँटगोमेरी या अमेरिकन जाझवादकाच्या उमेदवारीचा दाखला मला सर्वांत उपयोगी वाटतो.

माँटगोमेरी १९२३ साली इंडियानापोलिस शहरी जन्मला. विशीच्या सुमारास चार्ली क्रिश्चन या गिटारवादकाची ‘सोलो फ्लाइट’ ही तबकडी त्याच्या कानी पडली, आणि विजेवर चालणारी गिटार व ध्वनिवर्धक विकत आणून त्याने क्रिश्चनचे एकेक एकलवादन स्वराबरहुकूम उतरवण्यास आरंभ केला. स्वरलिपी त्याला वाचता येत नसे, पुढेही आली नाही. जे काही शिकायचे ते कानाने, तबकडीवरून. हे पाठांतर इतके बिनचूक झाले की गावातल्या एका क्लबाने त्याला नोकरीस ठेवले ते केवळ क्रिश्चनची वादने जशीच्या तशी वाजवून दाखवण्यासाठी. ती आटोपली की स्वतःचे म्हणून वाजवण्याजोगे काहीच गाठीशी नसल्यामुळे तो स्वस्थ बसून राही. आमच्या चिंतातुर विद्यार्थ्याला ही स्थिती लाजिरवाणी वाटेल. पण बेळगावनजीकच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा नामांकित गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन सभा थक्क करीत असे, आणि तोच पुढे कुमार गंधर्व या नावाने घराण्यांच्या चौकटींना न जुमानणारा गवई झाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती तितकीशी लाजिरवाणी वाटू नये.

नकलेत होते असे की, दुसऱ्याचा स्वरसमूह तंतोतंत उमटवण्याचा आग्रह धरला म्हणजेच आपला हात नेमका कोठे अडतो आणि आपला कान कोणत्या जागी रेंगाळतो, याचा झाडा मिळतो. मनाला येईल तसे छेडीत बसणाऱ्याला तो मिळत नाही, कारण अडचणीची जागा आली की तो वाट बदलून मोकळा होतो. माँटगोमेरीची अडचण तर अगदी सांसारिक होती. दिवसा कारखान्यातली मजुरी आणि सराव रात्री. पिकचा, म्हणजे तारा छेडण्याच्या पट्टीचा, तीक्ष्ण आघात घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सहन होईना, म्हणून पिक टाकून त्याने उजव्या अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडायला सुरुवात केली, अशी हकिकत तो स्वतः सांगत असे. तबकडीलाच गुरुमूर्ती मानणाऱ्या या आधुनिक एकलव्याकडे कोणी अंगठा मागितला नाही; उलट अंगठाच तेवढा त्याच्यापाशी शिल्लक राहिला. या तडजोडीत पिकची धार गेली, खालून वर जाणाऱ्या आघातांची सुलभता गेली. मात्र तारेतून जो गोल, ऊबदार, किंचित धूसर स्वर निघू लागला, तो जाझ गिटारीत तोवर क्वचितच ऐकू आला होता. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवायचा, मधली तार डाव्या हाताच्या बोटाने मुकी करायची आणि तिन्ही तारांवरून अंगठा एका ओढीत फिरवायचा, ही त्याची सुप्रसिद्ध खूणही याच अंगठ्याला मानवणारी होती. १९६० साली ‘द इन्क्रेडिबल जाझ गिटार’ निघाली तेव्हा क्लबातला तो नकलाकार कोणाला ओळखू आला नसता.

बरे, ज्याची नक्कल केली तो क्रिश्चन तरी स्वयंभू होता काय? त्याच्या लांब, श्वासागणिक वळणाऱ्या स्वरपंक्तींत लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनचा अंमल स्पष्ट ऐकू येतो. वृंदात मुख्यतः ठेका धरणाऱ्या गिटारीला वीज मिळाली तेव्हा तिने बोलावे कसे हा प्रश्न उभा राहिला, आणि क्रिश्चनने त्याचे उत्तर गिटारीत न शोधता सुषिर वाद्यात शोधले. १९४२ साली, अवघ्या पंचविशीत, तो क्षयाने वारला.

जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचा दाखला येथे हटकून दिला जातो, आणि बहुधा चुकीच्या बाजूने. १९२८ सालच्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली आणि उरलेल्या दोहोंवर त्याने आपले वेगवान वादन उभे केले, ही गोष्ट खरी. पण वैकल्य हीच जणू शैलीची जननी, असा जो निष्कर्ष त्यातून काढतात तो मला भाबडा वाटतो. जळालेले हात जगात पुष्कळ असतात. आर्मस्ट्राँगच्या ट्रंपेटने झपाटलेला त्याचा कान पूर्वीइतकीच मागणी करीत राहिला, म्हणून हाताला नवी वहिवाट पाडावी लागली.

आपल्याकडे गिटारीवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रा यांच्यापुढचा पेच याहून बिकट होता. गिटारीच्या पट्टीवरचे धातूचे पडदे स्वराला आपापल्या घरात कोंडतात. मींड, जिच्यावाचून रागाचा चेहराच उमटत नाही, तिला तेथे मोकळीक नाही. हवाई बेटांतले लोक गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवीत; ती रीत काब्रांनी उचलली, पण कानात होती अली अकबर खाँ यांच्या सरोदाची तालीम. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकताना वाद्याच्या विदेशीपणाची आठवण क्वचितच होते. रीत परक्यांची, मागणी गुरूच्या वाद्याची. मग काब्रांचे स्वतःचे ते काय, असे कोणी विचारील, तर या दोहोंचा समेट घडवण्यात जी वर्षे गेली ती त्यांची, एवढेच मी म्हणेन.

माँटगोमेरीची कथा मात्र येथे थांबत नाही. १९६७ साली त्याची ‘अ डे इन द लाइफ’ निघाली; लोकप्रिय गीते, भरघोस वाद्यवृंद आणि त्यावर तीच दोन सप्तकांची खूण. तबकडी विपुल खपली. ग्राहकाला ती खूणच हवी होती आणि निर्मात्यालाही. एकेरी स्वरांतून वाढत जाणारे त्याचे दीर्घ आलापन तेथे फारसे सापडत नाही. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो हृदयविकाराने गेला. त्या तबकड्या मी नावडीने ऐकतो असे नाही. पण क्रिश्चनची नक्कल करणारा तरुण आणि स्वतःची नक्कल पुरवणारा हा प्रौढ, या दोघांत अधिक मोकळा कोण, याचा फैसला मला अद्याप करता आलेला नाही.