गुण आला म्हणजे रोग ओळखला का?

लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, आत व्रण पडतात, भिंत जाड होत जाते आणि वाट अरुंद होते. क्रोन्स रोगाचे हे सर्वांत नेहमीचे रूप. आतड्याच्या क्षयातही बहुधा हाच भाग धरला जातो आणि तिथेही सूज, व्रण, अरुंद झालेली वाट असेच चित्र दिसते. उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. क्षयात जंतू मारायचे असतात, तर क्रोन्समध्ये शरीराची अनावर झालेली प्रतिकारशक्ती आवरायची असते. दोन्ही शक्यता समोर असताना एक औषध सुरू करायचे आणि गुण आला की रोग ठरवायचा, ही रीत भारतीय डॉक्टरांच्या अंगवळणी पडली आहे. त्यातून निघणारा प्रश्न वैद्यकापुरता राहत नाही: औषधाने बरे वाटणे हे रोगाच्या ज्ञानाचे प्रमाण होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर?

क्रोन्सची ओळखच मुळात एका नकारावर उभी राहिली. १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी आतड्याच्या अशा सुजेचे रुग्ण नोंदवले. दिसायला तो क्षयच होता, पण क्षयाचे जंतू सापडत नव्हते. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी चौदा रुग्णांच्या आधारे या रोगाला स्वतंत्र स्थान दिले. लेखकांची नावे आद्याक्षरांच्या क्रमाने छापली गेली म्हणून रोगाला क्रोन यांचे नाव मिळाले. शस्त्रक्रिया करणाऱ्या बर्ग यांचे नाव तर लेखावर आलेच नाही. कारणाचा शोध आजही पुरा झालेला नाही. आनुवंशिक कल, आतड्यातले जीवाणू आणि त्यांच्यावर चुकीच्या तीव्रतेने तुटून पडणारी प्रतिकारशक्ती यांच्या संगतीतून रोग होतो, इतके मानले जाते.

लक्षणे हळूहळू जमत जातात. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखते, जेवणानंतर कळ येते, गुडगुड होते, पोटात गोळा फिरल्यासारखा वाटतो आणि उलटी झाली की थोडे हायसे वाटते. वाट अरुंद झाल्याची ही खूण. महिनोन्‌महिने जुलाब राहतात, बारीक ताप येतो, भूक जाते, वजन उतरते. मुलांची उंची खुंटते, आणि कधी कधी घरच्यांच्या लक्षात आलेली पहिली गोष्ट तीच असते. ब-१२ जीवनसत्त्व आतड्याच्या याच टोकाला शोषले जाते, त्यामुळे त्याची कमतरता पडते. लोह आणि रक्तही कमी होते. तोंड येणे, सांधे धरणे, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी उठणे, डोळे लाल होणे अशी पोटाबाहेरची चिन्हेही असतात. व्रण भिंत भेदून आरपार गेला तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांत, मूत्राशयात किंवा त्वचेपर्यंत वाट फुटते. पुन्हा पुन्हा होणारे भगंदर हे क्रोन्सकडे बोट दाखवणारे जुने चिन्ह आहे.

हीच तक्रार घेऊन एखादा माणूस अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरपाड्यावरून खाली येतो तेव्हा क्रोन्सचा विचार सहसा शेवटी होतो, आणि त्याला कारणेही आहेत. सातपुड्याच्या या पट्ट्यात, नर्मदा आणि गुजरातची सीमा यांच्यामध्ये, भिल्ल समाजाची वस्ती मोठी आहे. सिकलसेल इथे जुना परिचित आहे आणि त्याच्या झटक्यातही पोटात असह्य दुखते. कुपोषण आहे, जंत आहेत, क्षय आहे. वजन उतरलेला, रक्त कमी असलेला, ताप आणि पोटदुखीचा रुग्ण पाहून आधी क्षय मनात येणे यात डॉक्टरचा आळस नाही. जे जास्त आढळते ते आधी गृहीत धरणे हा अनुमानाचा रास्त नियम आहे. अडचण सुरू होते ती हे गृहीत तपासायची वेळ येते तेव्हा.

तपासण्यांचा क्रम ठरलेला आहे. रक्तातले हिमोग्लोबिन, सूज दाखवणारे सीआरपी, विष्ठेतले कॅलप्रोटेक्टिन यांतून आतड्याला सूज आहे की नाही हे कळते. सूज कशाची, हे त्यांतून कळत नाही. मग कोलोनोस्कोपी. दुर्बीण मोठ्या आतड्यातून लहान आतड्याच्या टोकापर्यंत नेऊन व्रण पाहतात आणि अनेक ठिकाणचे तुकडे घेतात. दुर्बीण पोहोचत नाही तिथे सीटी किंवा एमआर एंटरोग्राफी उपयोगी पडते. कॅमेऱ्याची कॅप्सूलही गिळवता येते, पण वाट अरुंद असेल तर ती अडकून बसण्याचा धोका असतो. या तपासण्यांसाठी अक्कलकुव्याच्या रुग्णाची वाट नंदुरबार, धुळे, सुरत, कधी मुंबईपर्यंत लांबू शकते.

इतके करूनही हाती येतात ती लिंगे, म्हणजे खुणा. आतड्याच्या लांबीच्या दिशेने पडलेले व्रण, मध्ये निरोगी भाग सोडून पुढे पुन्हा रोग, भगंदर ही क्रोन्सच्या बाजूची. आडवे, वेढणारे व्रण, लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरची उघडी पडलेली झडप, पोटात पाणी, मधोमध कुजलेल्या लसीकाग्रंथी ही क्षयाच्या बाजूची. तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींची बारीक गाठ, दिसला तरी तो दोन्ही रोगांत असतो. न्यायदर्शनाचे विचारवंत, म्हणजे नैयायिक, अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: जो साध्य असतानाही आढळतो आणि नसतानाही, तो हेतू काही सिद्ध करत नाही. ग्रॅन्युलोमाच्या मधोमध कुजलेला भाग दिसला तर पारडे क्षयाकडे झुकते, पण तसा तो बऱ्याच रुग्णांत दिसत नाही. मँटू चाचणीही इथे फारशी कामाची नाही, कारण भारतात रोग न होताही क्षयाचा संसर्ग झालेली माणसे अगणित आहेत.

उरते ती जंतूची शोधाशोध, आणि इथे प्रश्न खरा खोल होतो. जंतू दिसले नाहीत, म्हणून जंतू नाहीत, असे म्हणता येईल का? भाट्ट मीमांसकांनी न दिसण्याला, अनुपलब्धीला, स्वतंत्र प्रमाण मानले, पण एक अट घालून. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात, उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही हे ज्ञान पक्के. अंधारात दिसला नाही तर त्यातून काहीच ठरत नाही. आतड्याच्या क्षयात जंतू इतके थोडे असतात की असूनही सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सापडत नाहीत. जनुकीय चाचणीही अनेक रुग्णांत नकारार्थी येते आणि कल्चरला आठवडे लागून तेही रिकामे निघू शकते. ही अंधारातली अनुपलब्धी आहे. चाचणी होकारार्थी आली तर मोलाची, नकारार्थी आली तर जवळजवळ मुकी. अहवालावरचा ‘आढळले नाही’ हा शेरा ‘नाही’ असा वाचणे ही या प्रकरणातली सर्वांत सहज होणारी चूक आहे.

प्रत्यक्ष, अनुमान आणि अनुपलब्धी इथवर येऊन थांबली की औषध हेच परीक्षेचे साधन उरते. ही कल्पना नवी नाही. आयुर्वेदाच्या निदानपंचकात हेतू, पूर्वरूप, रूप आणि संप्राप्ती यांच्या जोडीला उपशय आहे: कोणत्या औषधाने, आहाराने वा विहाराने सुख वाटते ते पाहून रोग ओळखणे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर ज्या व्याधीची लिंगे गूढ आहेत तिची परीक्षा उपशय आणि अनुपशय यांनी करावी असे स्पष्ट सांगितले आहे. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी ज्ञानाची कसोटी कृतीच्या यशात पाहिली. पाणी समजून धावलेल्याची तहान भागली तर ते ज्ञान खरे. ज्ञानाचा खरेपणा बाहेरच्या पडताळ्याने ठरतो, हे नैयायिकांचे परतःप्रामाण्य ते हेच. क्षयाची औषधे देऊन पाहण्यामागे, डॉक्टरला ठाऊक असो वा नसो, हीच विचारसरणी आहे.

तिच्यावरचा आक्षेपही तितकाच जुना. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ गाठू शकते. क्रोन्स हा चढउताराचा रोग आहे. तो काही काळ आपसूक ओसरतो. औषधांच्या चाचण्यांत नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपैकीही काहींना आराम पडलेला दिसतो. शिवाय क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन इतर जीवाणूंवरही चालते, त्यामुळे क्रोन्सचा रुग्णही दोन महिने बरा वाटल्यासारखा होऊ शकतो. म्हणजे नुसता गुण येणे हाही सव्यभिचार हेतूच. भगताकडे गेलेल्याला गुण येतो, युनानी दवाखान्यात गेलेल्याला येतो, गोळ्या घेणाऱ्याला येतो. याहामोगी देवीला बोललेला नवस फळतो. यांत नवसाची बाजू खरे तर जास्त स्वच्छ आहे, कारण नवस बरे करण्याचे मागणे मागतो, रोग ओळखल्याचा दावा करत नाही. दावा करणाऱ्याने जास्त काटेकोर असायला हवे.

तो काटेकोरपणा चरकाच्या जोडशब्दातच आहे. उपशयाबरोबर अनुपशय हवा. म्हणजे काय घडले तर आपला अंदाज चुकला असे मानायचे, ते औषध सुरू करण्याआधी ठरलेले हवे. भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांनी ही अट आता पुरेशी स्पष्ट केली आहे. क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करायची आणि व्रण भरले का ते पाहायचे. रुग्ण काय सांगतो ते महत्त्वाचे, पण निकाल व्रणावरून लागतो. व्रण भरले तर क्षय समजून सहा महिन्यांचा उपचार पुरा करायचा. भरले नाहीत तर निदान क्रोन्सकडे वळवायचे, मात्र त्याआधी औषधांना दाद न देणारा क्षय नाही ना हेही पाहायचे. वाट आधीच तंतूंनी आवळली गेली असेल तर व्रण भरूनही पोटदुखी राहते. तिथे न आलेला गुण निदान खोडत नाही.

अक्कलकुव्यात ही कसोटी मोडते ती दुसऱ्या तपासणीपाशी. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. पहिल्या कोलोनोस्कोपीचा खर्च आणि प्रवास कसाबसा झालेला असतो. बरे वाटत असताना दुसरी का करायची, हे डॉक्टरने इथल्या देहवाली बोलीतून समजावून सांगितल्याशिवाय कोणाला पटावे? क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेत दरमहा रक्कमही मिळते. २०१८ मध्ये ती पाचशे रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाली. क्रोन्ससाठी अशी उभी यंत्रणा नाही. साहजिकच संशयाचा कल जिकडे सोय आहे तिकडे जातो. हा कल ज्ञानाचा नव्हे, व्यवस्थेचा, आणि तो ओळखणे हा निदानाचाच भाग मानला पाहिजे.

चुकीची किंमतही दोन्हीकडे सारखी नाही. क्षय असताना स्टेरॉइड दिले तर रोग पसरून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी क्षयाची औषधे, हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पण उलट बाजूची चूकही निरुपद्रवी नाही. क्रोन्सचा रुग्ण क्षयाच्या औषधांवर महिने काढतो तेव्हा यकृताला बाधा होण्याचा धोका असतो, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे तेवढ्या काळात आतडे आवळत जाऊन शस्त्रक्रियेची पाळी येते. गुण आलेला नसताना तीच औषधे पुन्हा नव्याने सुरू करणे याला सावधगिरी म्हणता येणार नाही. आणि ज्याच्या शरीरावर ही परीक्षा चालते त्याला ती परीक्षा आहे हे सांगितलेले असले पाहिजे. ‘तुम्हाला क्षय आहे’ आणि ‘क्षय असावा असे धरून दोन महिने पाहू’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले ऐकलेला माणूस बरे वाटल्यावर परत येत नाही.

क्रोन्स ठरल्यावर उपचाराची दिशा बदलते. सूज आवरण्यासाठी आतड्याच्या या टोकाला बुडेसोनाइड आणि जास्त तीव्र रोगात प्रेडनिसोलोन देतात, पण स्टेरॉइड दीर्घकाळ चालवायचे नसते. पुढे रोग शांत ठेवायला अझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट असते. त्यांनी भागले नाही, किंवा रोग सुरुवातीपासूनच आक्रमक असला, तर इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, उस्टेकिनुमॅब, वेडोलिझुमॅब यांसारखी जैविक औषधे येतात. ती महाग आहेत. त्यांपैकी पहिली दोन सुप्त क्षय जागा करू शकतात, म्हणून क्षयाचा प्रश्न इथे पुन्हा तपासावा लागतो. मुलांमध्ये काही आठवडे फक्त द्रवरूप पोषण देऊनही सूज उतरते. वाट अरुंद असलेल्याने मक्याचे कणीस, कच्च्या भाज्या, शेंगदाणे, चोथा असलेली फळे टाळायची. मऊ भात, डाळ, अंडी चालतात. बिडी सोडणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार आहे, कारण धूम्रपानाने हा रोग बळावतो.

आतडे अडले, फुटले किंवा गळू झाले तर शस्त्रक्रिया लागते. रोग थोड्याच लांबीत असेल तर तो भाग काढणे हा जैविक औषधांच्या बरोबरीचा पर्याय ठरतो, आणि काढलेला संपूर्ण तुकडा तपासताना कधी कधी महिनोन्‌महिने अडलेला निदानाचा प्रश्न सुटतो. अनेक ठिकाणी आवळलेले आतडे काढून न टाकता रुंद करण्याची रीत भारतीय शल्यविशारद कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये क्षयाच्या रुग्णांसाठी प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये इमॅन्युएल ली यांनी ती क्रोन्ससाठी उचलली. क्षयात शस्त्रक्रिया आणि औषधे मिळून रोग सहसा संपतो. क्रोन्समध्ये तो बहुधा आतड्याच्या जोडापाशी पुन्हा उगवतो, आणि दुखण्याच्या कितीतरी आधी तिथे व्रण दिसू लागतात. म्हणून रुग्णाला काहीही त्रास नसला तरी शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा महिन्यांत जोडाची कोलोनोस्कोपी करतात आणि पुढची औषधे तिच्यावरून ठरवतात.