अभावाचे प्रमाण

पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘क्विक हील’ हे संगणकासाठीचे विषाणुरोधक घडविले, आणि तेव्हापासून कित्येक गृहस्थ, दरसाल रक्कम भरून, आपले दस्तऐवज अशा अदृश्य पहारेकऱ्याच्या हवाली करीत आले आहेत. या गृहस्थांचा अनुभव कोणता? काहीच न घडणे! मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले खरे; तथापि जे असते तर दिसलेच असते, त्याचाच अभाव तिच्यायोगे सिद्ध होतो, लपून राहणाऱ्या विषाणूचा नव्हे. तेव्हा ‘संगणक सुरक्षित आहे’ ही पडद्यावरील ग्वाही केवळ शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताच्या वचनावर विसंबलेले ज्ञान, ठरते; आणि नैयायिकांच्या मते आप्त तोच, जो वस्तू यथार्थ जाणतो व ती यथार्थ सांगू इच्छितो. नूतनीकरणाची रक्कम स्वीकारणाऱ्याने ही दुसरी अट अधिक कसोशीने पाळली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.