पत्त्याचा रकाना

पनवेलच्या रोडपालीत आमच्या इमारतीच्या मागे एका टॉवरचं काम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी एक बाई मला लसीकरणाच्या रांगेत भेटली. कडेवर दहा महिन्यांचं पोर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं बिहारमधलं कार्ड. जन्माच्या आणि दीड महिन्याच्या लसींच्या तारखा होत्या, पुढचे रकाने कोरे. ‘यानंतर कुठं दिलं?’ सिस्टरने विचारलं. ‘तब हम इधर आ गए थे.’ सिस्टरने न चिडता नवं कार्ड केलं आणि पत्त्यापाशी थांबली. बाईने टॉवरचं नाव सांगितलं. जो टॉवर अजून उभा राहायचाय, तोच तिचा पत्ता.

सिस्टरने आपलं काम चोख केलं. अडचण त्या रकान्यात आहे. आपली आरोग्यव्यवस्था माणसाला दोनच गोष्टींवरून ओळखते: तो कुणाकडे कामाला आहे, नाहीतर कुठं राहतो. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराबरोबर त्याची बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्याही उपचारांची सोय केली. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ती मिळते. तळोजा एमआयडीसीत ज्यांचं नाव हजेरीपटावर आहे, त्यांच्या घरच्यांना तिचा आधार वाटतो. पण ठेकेदाराखाली ठेकेदार आणि त्याखाली मुकादम अशा उतरंडीत ज्याचं स्वतःचंच नाव कुठं चढत नाही, त्याच्या बायकोचं कुठून चढणार? कायद्याच्या भाषेत ती ‘अवलंबित’. प्रत्यक्षात तीही त्याच साइटवर विटा वाहते.

राहता राहिला पत्ता. 2013 च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने साधारण 50,000 वस्तीमागे एक आरोग्य केंद्र धरलं. पनवेल महापालिका झाली 2016 साली. वस्तीचा अधिकृत आकडा मात्र अजून 2011 च्या जनगणनेचाच, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. रोडपालीतले किती टॉवर त्यानंतरचे आहेत, हे इथं राहणाऱ्या कुणालाही विचारा. ते बांधायला आलेले तर कुठल्याच मोजणीत नाहीत. आशाताईंची यादी घरांवरून होते, आणि साइटवरच्या शेडला घर नंबर नसतो.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तो निर्णय चांगलाच होता. पण गरिबाला दवाखान्याचा खरा खर्च केसपेपरचा नसतो, खाड्याचा असतो. सकाळच्या ओपीडीला पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचं तर रिक्षाभाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही गेली. रात्री नऊला उघडा असणारा गल्लीतला डॉक्टर सुई देतो, पैसे घेतो, पण दुसऱ्या दिवशीची हजेरी वाचते. या हिशेबाला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आयुष्मान भारतचं 5 लाखांचं संरक्षण कागदावर परराज्यातही चालतं, मात्र ते दाखल झाल्यावर. पोराचा ताप, गरोदरपणातली तपासणी, सासूच्या बीपीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, आणि या घरांतली बहुतेक दुखणी तीच असतात.

ज्याचा मालक सारखा बदलतो त्याच्या बायकापोरांची सोय लावायची कशी, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर रोडपालीच्या शेजारीच, कळंबोलीच्या लोखंड बाजारात आहे. माथाडीही पोटासाठी गाव सोडून आलेले, साताऱ्याचे, सांगलीचे. त्यांनाही एक मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला आणि मालकाच्या जागी मंडळ उभं राहिलं. माल कुणाचाही उचला, व्यापारी मजुरीवर लेव्ही मंडळाकडे भरतो. त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजेचा पगार, कुटुंबाचे औषधोपचार. कोपरखैरण्याला माथाड्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे. त्या मंडळांच्या आजच्या कारभाराबद्दल तक्रारी असतील, पण बायकापोरांचा हक्क मालकापासून सोडवून कामाशी बांधता येतो, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवलंय.

बांधकामाला असं मंडळ नाही असं नाही. 1996 च्या कायद्याने बांधकामखर्चावर 1 टक्का उपकर बसवला. नोंदणीसाठी मात्र वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मिळवायला मुकादमाच्याच मागे फिरावं लागतं. पुरावा देण्याचा भार सर्वांत दुबळ्यावर का? महापालिकेने काम सुरू करायची परवानगी देतानाच साइटवरच्या कुटुंबांची यादी घ्यावी, ती आशाताईंना द्यावी, शेडला तात्पुरता का होईना नंबर द्यावा. आणि आरोग्य केंद्र संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवावं. दुपारी बारा ते आठ ही वेळ नागरी आरोग्य अभियानानेच सुचवलेली आहे.

‘बाहेरच्यांसाठी आमचा पैसा का?’ हे मी इथल्या गावकऱ्यांकडून ऐकलंय. ज्यांच्या जमिनी सिडकोने घेतल्या त्यांना हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि त्यांच्या वाट्यालाही पुरेसे दवाखाने आलेले नाहीत. पण उपकराचा पैसा त्या बाईने वाहिलेल्या विटांवरचाच आहे. आणि गोवर पसरला तर तो आधी मराठी घर कुठलं ते पाहणार नाही.

त्या दिवशी गोवर-रुबेलाचा पहिला डोस देऊन झाल्यावर सिस्टरने दुसऱ्याची तारीख सांगितली, पोर सोळा महिन्यांचं झाल्यावरची. ‘तोवर इथंच असशील ना?’ बाईने खिडकीतून टॉवरकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

‘अभी छह स्लैब बाकी है.’